हिवतापाची वर्गणी

देणगी आणि वर्गणी या दोन वेगळ्या रीती आहेत, आणि पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंत राहणाऱ्या कोणालाही हा फरक समजावून सांगावा लागत नाही. देणगी कोणाची तरी दैना पाहून द्यायची असते. ती एकदा दिली की विषय संपतो, आणि रक्कम मोठी असेल तर देणाऱ्याचं नाव फरशीवर कोरलं जातं. वर्गणीचं तसं नाही. श्रावण लागला की मंडळाची पोरं पावतीपुस्तक घेऊन दारात उभी राहतात. त्यांना तुमच्या दयेची अपेक्षा नसते. तुम्ही या गल्लीत राहता म्हणून तुमची पावती फाडायची, एवढाच हिशेब. गेल्या वर्षी दिलीत म्हणून यंदा सुटका नाही, आणि यंदा जास्त दिलीत म्हणून पुढच्या वर्षी कोणी विसरत नाही. माणूस कुरकुरत का होईना, देतो.

माझं म्हणणं एवढंच आहे की हिवतापाशी लढण्यासाठी लोकांकडून पैसा उभा करायचा असेल, तर तो वर्गणीच्या रीतीने करावा. देणगीच्या रीतीने जमवलेला पैसा या रोगापुढे टिकत नाही. यात पैसा किती हा प्रश्न दुय्यम आहे. तो कसा येतो, किती वेळा येतो आणि कोणाच्या दारातून येतो, यावर सगळं ठरतं.

आधी रोगाचा स्वभाव पाहू. स्वातंत्र्य मिळालं तेव्हा देशात वर्षाला साडेसात कोटी लोकांना हिवताप होत असे आणि सुमारे आठ लाख माणसं त्याने मरत, असा त्या काळचा अंदाज आहे. १९५३ मध्ये राष्ट्रीय हिवताप नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. घराघरांच्या भिंतींवर डीडीटी मारलं गेलं. परिणाम इतका झपाट्याने दिसला की १९५८ मध्ये नियंत्रणाचं उद्दिष्ट बदलून निर्मूलनाचं ठेवलं गेलं. १९६५ पर्यंत देशातली रुग्णसंख्या सुमारे एक लाखावर आली आणि मृत्यूंची नोंद जवळपास शून्य झाली. जगभर त्याचं कौतुक झालं. त्यानंतर अकरा वर्षांनी, १९७६ मध्ये, चौसष्ट लाखांवर रुग्ण नोंदले गेले.

मधल्या अकरा वर्षांत बऱ्याच गोष्टी झाल्या. डास डीडीटीला सरावले. डीडीटीचा पुरवठा वेळेवर होईना. शहरांकडे जवळपास दुर्लक्षच झालं होतं. नागरी हिवताप योजना आली ती १९७१ मध्ये, उशिरा. पण या सगळ्याच्या मुळाशी एक साधी गोष्ट होती. रोग दिसेनासा झाला आणि त्याच्यावर खर्च करण्याची निकडही त्याच्याबरोबर गेली. गावात कोणी थंडीने कुडकुडत नसताना फवारणीचा ट्रक, रक्त तपासणारा माणूस, सूक्ष्मदर्शकावर बसलेला तंत्रज्ञ यांचा पगार कशासाठी द्यायचा, हा प्रश्न अंदाजपत्रक करणाऱ्याला पडला तर त्याला फार दोष देता येत नाही. आपल्यापैकी कोणालाही तो पडला असता.

देणगी मागणाऱ्याची अडचण इथेच आहे. त्याला कोणीतरी दाखवावं लागतं. आजारी मूल, पडकी शाळा, पुरात वाहून गेलेलं घर. हिवतापाचं काम नीट झालं तर दाखवायला कोणी उरत नाही. न आलेल्या तापाचा फोटो काढता येत नाही. म्हणजे काम जितकं चांगलं, तितकं त्यासाठी मागणं अवघड, आणि मागणं थांबलं की ताप परत येतो. वर्गणी या कोंडीत सापडत नाही, कारण ती दुःख दाखवून मागितलीच जात नाही. गणपती दरवर्षी बसतो म्हणून वर्गणी दरवर्षी निघते. पाऊसही दरवर्षी पडतो.

थेंबाथेंबाने जमवलेल्या पैशाची ताकद या भागाला नवी नाही. चाकणहून तळेगाव दाभाडे अर्ध्या तासाच्या वाटेवर आहे (रस्त्यावर कंटेनर नसतील तर, म्हणजे स्वप्नातच). विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अंताजी दामोदर काळे यांनी पैसा फंडाची कल्पना महाराष्ट्रभर फिरवली. प्रत्येकाने वर्षाला एक पैसा द्यावा आणि त्यातून स्वदेशी उद्योग उभा राहावा, अशी ती कल्पना होती. रुपयाचे तेव्हा चौसष्ट पैसे होत, म्हणजे मागणं कोणालाही परवडेल इतकं बारीक होतं. टिळकांनी या कामाला पाठबळ दिलं, आणि १९०८ मध्ये तळेगावला पैसा फंडाचा काच कारखाना सुरू झाला. ईश्वरदास वार्ष्णेय यांच्यासारखा परदेशात शिकून आलेला जाणकार तिथे काम शिकवायला होता. एका पैशाच्या वर्गणीतून भट्टी पेटू शकते, हे त्या कारखान्याने दाखवलं.

मात्र पैसा फंडाचा दाखला पुरता लागू पडत नाही, आणि तो का पडत नाही हे पाहिलं की मुद्दा उलगडतो. पैसा फंडाला एक वास्तू उभी करायची होती. भट्टी एकदा बांधली की ती दिसते, तिच्यातून माल निघतो, माल विकला जातो. हिवतापाला अशी कुठलीही वास्तू नको आहे. त्याला दर आठवड्याची झाडलोट हवी आहे. म्हणून पैसा फंडाकडून घ्यायचं ते इतकंच: मागणं सर्वांकडे जावं आणि ते लहान असावं. बाकीचं गणेश मंडळाकडून घ्यावं, म्हणजे मागणं दरवर्षी जावं आणि शेजाऱ्याने शेजाऱ्याकडे जावं.

पिंपरीचाही असाच एक संबंध आहे. इथल्या सुरुवातीच्या मोठ्या कारखान्यांपैकी हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा १९५४ मध्ये स्थापन झाला, आणि त्याच्या पेनिसिलिनच्या यंत्रसामग्रीसाठी युनिसेफने मदत केली, तांत्रिक साहाय्य जागतिक आरोग्य संघटनेने दिलं. त्याच सुमारास याच दोन संस्थांच्या मदतीने दिल्लीत डीडीटीचा कारखाना उभा राहिला. युनिसेफचा पैसा मुख्यतः सरकारांकडून येई, पण सगळा नाही. १९५० पासून अमेरिकेतली मुलं हॅलोविनच्या संध्याकाळी डबा घेऊन दारोदार फिरत आणि युनिसेफसाठी नाणी गोळा करत. हिंदुस्थान अँटिबायोटिक्सच्या कॉलनीत वाढलेल्या किती जणांना हे ठाऊक असेल, सांगता येत नाही.

आता वर्गणीतून घ्यायचं काय? इथे आपल्या पट्ट्यातला डास समजून घेतल्याशिवाय पुढे जाता येत नाही. शहरी हिवताप पसरवणारा डास म्हणजे ॲनॉफिलीस स्टीफेन्सी. गटाराशी त्याचं फारसं देणंघेणं नाही. त्याला स्वच्छ, साठवलेलं पाणी लागतं: गच्चीवरची टाकी, हौद, विहीर, बांधकामावरचं क्युरिंगचं पाणी, निळं प्लास्टिकचं पिंप. हिवताप गलिच्छ वस्तीचा रोग आहे अशी समजूत धरून आपण नाल्यांकडे बोट दाखवतो, आणि डास आपल्या टाइल्स लावलेल्या गच्चीवर अंडी घालून गेलेला असतो. पिंपरी-चिंचवडमध्ये नोव्हेंबर २०१९ पासून दिवसाआड पाणी सुरू झालं. दिवसाआड पाणी म्हणजे प्रत्येक घरात एक दिवसाचा साठा, आणि साठा म्हणजे पिंप. पुढे चाकणकडे, खराबवाडी, महाळुंगे, कुरुळी, निघोजे या गावांत कामगारांच्या खोल्यांच्या रांगा आहेत. तिथे टँकर येतो आणि प्रत्येक दारासमोर दोनशे लिटरचं पिंप असतं. डेंग्यूचा डासही अशाच पाण्यावर पोसतो, त्यामुळे एका झाकणात दोन रोगांचा बंदोबस्त होतो.

अंड्यापासून उडणारा डास व्हायला आपल्या पावसाळी हवेत साधारण सात ते दहा दिवस लागतात. आरोग्य खात्याचा 'कोरडा दिवस' आठवड्यातून एकदा पाळायचा असतो तो याच हिशेबाने. आठवड्यातून एकदा भांडं रिकामं करून, आतून घासून कोरडं केलं, की अळी डास होण्याआधीच संपते. मोठ्या टाकीला घट्ट झाकण, हवेच्या नळीच्या तोंडाला जाळी, पिंपावर सुती कापड ताणून दोरीने बांधलेलं, आणि रिकाम्या करता न येणाऱ्या हौदात गप्पी मासे. सामानाची यादी इथे संपली. यातलं बरंचसं घरात पडलेलं असतं, आणि गप्पी मासे आरोग्य खात्याकडून मिळतात.

म्हणजे पैसा लागतो तो सामानाला नाही. लागतो तो आठवण ठेवणाऱ्या माणसाला. शिकलेली, समजदार, डॉक्टरांची घरंसुद्धा तिसऱ्या आठवड्यात कोरडा दिवस विसरतात, कारण पहिल्या दोन आठवड्यांत काहीच घडलेलं नसतं. कोणीतरी दर आठवड्याला दार वाजवून 'ताई, टाकी बघू का?' असं विचारलं, तरच हे चालतं. हिशेब करून पाहू. तीनशे घरांची एक वस्ती धरा. घरटी महिन्याला वीस रुपये म्हणजे सहा हजार रुपये. रोज सकाळी साठ घरं याप्रमाणे पाच सकाळींत तीनशे घरं होतात. वस्तीतल्याच एखाद्या बाईला रोज तीन तासांच्या कामाचे महिन्याला सहा हजार देता येतात. वीस रुपये म्हणजे चाकण चौकातले दोन कटिंग. कारखान्यातल्या ठेकेदाराच्या कामगारालाही ते जड नाहीत. पण ते महिन्यामागून महिना, वर्षामागून वर्ष यायला हवेत. एकदम बहात्तर हजारांचा धनादेश आला तर तो पुढच्या वर्षी येईलच असं नाही.

या कामासाठी मी मंडळापेक्षा बचत गटावर जास्त भरवसा ठेवीन. मंडळाचा उत्साह दहा दिवसांचा असतो आणि त्याच्या खर्चात ध्वनिक्षेपकाचा वाटा मोठा असतो. बचत गटातल्या बायका दर महिन्याला जमतात, वहीत लिहितात, पाच रुपये कमी पडले तर कोणाचे ते ओळखतात, आणि मुख्य म्हणजे एकमेकींच्या स्वयंपाकघरापर्यंत जातात. मंडळाच्या पोराला दारातच थांबावं लागतं.

हे दारातून आत जाणं किती मोलाचं आहे, ते मुंबईच्या इतिहासात दिसतं. चार्ल्स बेंटली यांनी १९११ मध्ये मुंबईतल्या हिवतापाच्या कारणांवर अहवाल दिला. वाड्यांतल्या आणि घरांतल्या विहिरींमध्ये हाच स्टीफेन्सी डास वाढतो, असं त्यात पुढे आलं. विहिरी बंद करा किंवा घट्ट झाका, असा उपाय निघाला आणि लगेच विरोध सुरू झाला. विहिरीशी लोकांची श्रद्धा जोडलेली होती. पूजेला उघड्या विहिरीचंच पाणी लागे. सरकारला रस्त्यावरचं डबकं बुजवता येतं. खासगी विहिरीवर झाकण घालायचं तर मालकाची मर्जी लागते, किंवा नोटीस, दंड आणि कोर्ट. शंभर वर्षांनंतर विहिरीच्या जागी गच्चीवरची टाकी आली, एवढाच बदल. महापालिकेचा कर्मचारी सोसायटीच्या फाटकावर आला की पहारेकरी रजिस्टर पुढे करतो, आणि अर्ध्या घरांना कुलूप असतं. वर्गणी घेणारी बाई मात्र त्याच इमारतीत राहते. तिला घरं कधी उघडी असतात ते माहीत असतं. आणि जिने तुमच्याकडून वीस रुपये घेतलेत तिला तुम्ही टाकी दाखवायला नाही म्हणू शकत नाही, कारण पैसे तुम्हीच दिलेत, याच कामासाठी दिलेत. वर्गणीतून जो खरा माल विकत मिळतो तो हा, गच्चीपर्यंत जायची परवानगी.

डासाची उडण्याची मजलही इथे सोयीची आहे. हिवतापाचा डास सहसा किलोमीटर-दोन किलोमीटरपलीकडे जात नाही, आणि भोवताली पाणी आणि माणूस दोन्ही मिळाले तर तेवढंही उडत नाही. म्हणजे त्याचा इलाखा साधारण एका मंडळाच्या इलाख्याएवढाच. आपल्या गल्लीने काम केलं तर त्याचा गुण मुख्यतः आपल्याच गल्लीला येतो. वर्गणी देणाऱ्याला हे सांगता येण्यासारखं आहे, आणि हे खरं आहे.

ज्या गोष्टीवर लोकांचा पैसा आणि नगरसेवकांचा उत्साह सर्वांत आधी जातो, ती मात्र वरच्या सामानाच्या यादीत नाही. ती म्हणजे धूरफवारणी. संध्याकाळी गाडी येते, पांढरा लोट उठतो, पोरं मागे धावतात, आणि सगळ्यांना वाटतं काम झालं. धुराने त्या वेळी हवेत उडत असलेले डास मरतात. टाकीतल्या अळ्यांना काहीच होत नाही. दोन-चार दिवसांत नवी पिढी बाहेर पडते. साथ उसळली असेल तेव्हा धुराचा उपयोग आहे, नाही असं नाही. पण एरवी धूरफवारणीला पैसे देणं म्हणजे नळ चालू ठेवून फरशी पुसणं. तरीही तीच लोकप्रिय आहे, कारण ती दिसते. देणगीच्या पैशाला दिसण्याचीच भूक असते.

मोठ्या कंपन्यांच्या पैशाचीही गत पाहण्याजोगी आहे. चाकणच्या औद्योगिक वसाहतीत मोटारी आणि दुचाकी बनवणाऱ्या जगभरच्या कंपन्या आहेत. २०१३ च्या कंपनी कायद्याने ठरावीक आकाराच्या कंपन्यांनी गेल्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या दोन टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करावी असं सांगितलं. या कायद्याच्या सातव्या अनुसूचीच्या मूळ मजकुरात एचआयव्ही-एड्सच्या जोडीला मलेरियाचं नाव घालून उल्लेख होता. फेब्रुवारी २०१४ मध्ये अनुसूची नव्याने लिहिली गेली तेव्हा ते नाव गेलं आणि प्रतिबंधात्मक आरोग्यसेवा असा व्यापक उल्लेख आला. त्याने मार्ग बंद झाला नाही. पण नाव गेलं की आठवणही पुसट होते. त्याहून अडचणीची गोष्ट पुढची आहे. २०२१ च्या नियमांनुसार चालू प्रकल्पाची मुदत, सुरू झालेलं वर्ष सोडून, तीन वर्षांपेक्षा जास्त असत नाही. तीन वर्षांनी प्रकल्प संपतो, अहवाल छापला जातो, फलक राहतो. डासाने तीन वर्षांचा करार केलेला नसतो. कंपन्यांनी पैसे देऊ नयेत असं मला म्हणायचं नाही. त्यांनी एकदाच होणारी कामं करावीत: चाळींच्या टाक्यांना झाकणं, नळाची जोडणी, तपासणीची साधनं. आठवड्याच्या फेरीचा खर्च त्यांच्यावर सोडू नये.

मग वर्गणीदाराला हिशेब काय द्यायचा? मूर्ती, मांडव, प्रसाद असे खर्च फळ्यावर लिहिता येतात. न आलेला ताप कसा लिहायचा? याला उत्तर आहे, आणि ते आरोग्य खात्याचे लोक फार वर्षं वापरत आले आहेत. किती घरं पाहिली, त्यांतल्या किती घरांत अळ्या सापडल्या; किती भांडी पाहिली, किती भांड्यांत सापडल्या. तीनशे घरांत पहिल्या आठवड्यात साठ, महिन्याने पंचवीस, दोन महिन्यांनी आठ, असा आकडा सोसायटीच्या फळ्यावर लागला, की पैशाचं काम डोळ्यांना दिसतं. आकडा वाढला तरी लावायचा. उलट तेव्हा तर लावायलाच हवा. अळी ओळखणं अवघड नाही: हिवतापाच्या डासाची अळी पाण्याच्या पृष्ठभागाला समांतर, आडवी पडून असते, डेंग्यूच्या आणि गटारी डासांची अळी डोकं खाली करून तिरकी लोंबते. शाळेतली पोरं हे एका तासात शिकतात. घरांची नावं मात्र फळ्यावर लावू नयेत. लोक दार उघडायचे बंद होतील.

आता त्या प्रश्नाकडे येतो जो वर्गणीच्या पोटातच आहे. वर्गणी कोणाकडे मागायची? मंडळाची पोरं बंगल्यात जातात, दुकानात जातात, खोल्यांच्या मालकाकडे जातात. त्या खोल्यांत राहणाऱ्या भाडेकरूंकडे, एका खोलीत पाच-सहा जणांनी मिळून राहणाऱ्या कामगारांकडे, सहसा कोणी पावती घेऊन जात नाही. बीड-नांदेडची पोरं असतात, बिहार, झारखंड, ओडिशाची असतात. ते आज इथे, उद्या दुसऱ्या ठेकेदाराकडे. ज्याच्याकडे वर्गणी मागत नाहीत तो गल्लीचा नाही, हे न बोलता ठरलेलं असतं. हिवतापाच्या कामात हे चालत नाही.

कारण व्हायवॅक्स जातीचा हिवतापाचा जंतू यकृतात दडून राहतो आणि काही महिन्यांनी पुन्हा उठतो. गावी ताप येऊन बरा झालेला माणूस इथे आल्यावर पुन्हा आजारी पडू शकतो; त्याच्या खोलीबाहेरच्या उघड्या पिंपात डास असले तर साखळी सुरू होते. म्हणून व्हायवॅक्सवर क्लोरोक्विनच्या तीन दिवसांच्या गोळ्यांबरोबर प्रायमाक्विनच्या चौदा दिवसांच्या गोळ्या देतात (गरोदर बाईला ते देत नाहीत, आणि ते डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यायचं). गोळ्या सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात. पण ताप तिसऱ्या दिवशी उतरतो, माणूस पाळीवर जातो आणि उरलेल्या गोळ्या खिडकीत राहतात. चौदा दिवस 'आजची घेतली का?' असं विचारणारं त्या खोलीत कोणी नसतं. आठवड्याला फेरी मारणारी बाई ते विचारू शकते.

गोव्याने याच प्रश्नाला वेगळं उत्तर दिलं होतं. १९८० च्या दशकाच्या मध्यावर पणजीत बांधकामं वाढली, तसा हिवतापही वाढला. पुढे बांधकाम मजुरांची रक्ततपासणी आणि त्यांच्याकडे आरोग्यपत्रक असणं सक्तीचं झालं. इतर उपायांच्या जोडीने त्याचा गोव्याला फायदा झाला, हे नाकारता येत नाही. तरी पत्रकाने मजूर संशयित ठरतो, आणि टाकी उघडी ठेवणारा मालक बाजूला राहतो. कामगाराकडून पाच रुपये का होईना, पण पावती फाडून घेतले, तर त्यालाही विचारता येतं की माझ्या चाळीच्या टाकीला झाकण का नाही. मालकाला हा प्रश्न आवडणार नाही. तो विचारला जावा म्हणूनच ते पाच रुपये.

एवढं आपल्या गल्लीचं. पण महाराष्ट्रात हिवतापाचा खरा भार आपल्या पट्ट्यावर नाही. तो मुंबईवर आणि गडचिरोलीवर आहे. गडचिरोलीत रोगाची चाल निराळी आहे. जंगल, ओढे, विखुरलेली गावं, आणि जीव घेणारा फाल्सिपेरम जातीचा जंतू. १९७३ मध्ये हेमलकशाला लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला तेव्हापासून प्रकाश आणि मंदा आमटे यांच्या दवाखान्यात येणाऱ्यांत हिवतापाचे रुग्ण मोठ्या संख्येने असत. अशा संस्थांना पुण्या-मुंबईचा मध्यमवर्ग मनापासून देणगी देत आला आहे. 'लोकसत्ता'चा 'सर्वकार्येषु सर्वदा' हा उपक्रम २०११ पासून गणेशोत्सवाच्या दिवसांतच दरवर्षी संस्थांची ओळख करून देतो आणि वाचक धनादेश पाठवतात. दरवर्षी, ठरल्या दिवसांत, लहान रकमांनी: त्याची रीत वर्गणीच्या जवळ जाते, आणि म्हणूनच तो टिकला असं मला वाटतं.

गडचिरोलीला लागते ती कीटकनाशक लावलेली मच्छरदाणी. जगाच्या बाजारात ती साधारण दोन डॉलरला पडते, दोन माणसं तिच्यात झोपतात, आणि ती सुमारे तीन वर्षं टिकते. लंडनचे रॉब मॅथर यांनी २००३ मध्ये भाजलेल्या एका लहान मुलीसाठी पोहण्याचा कार्यक्रम करून पैसे जमवले. त्यातूनच पुढे अगेन्स्ट मलेरिया फाउंडेशन निघालं. ही संस्था सामान्यांच्या लहान रकमांवर आफ्रिकेत मच्छरदाण्या पुरवते आणि कुठला पैसा कुठल्या वाटपात गेला ते देणाऱ्याला दाखवते. तिच्यापुढचा प्रश्नही तोच आहे. तीन वर्षांनी मच्छरदाणी फाटते, औषध उतरतं, आणि पुन्हा मागावं लागतं. आता लसही आली आहे. आपल्या शेजारच्या पुण्यात, सीरम इन्स्टिट्यूटमध्ये, ऑक्सफर्डबरोबर तयार झालेल्या आर२१ लसीची शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर २०२३ मध्ये केली आणि ती आफ्रिकेतल्या मुलांना दिली जाते. दुसरीकडे आपला स्टीफेन्सी डास २०१२ मध्ये जिबूतीत सापडला आणि आता तो आफ्रिकेच्या शहरांत पसरतो आहे. पुण्याहून लस जाते आणि डासही आशियातून जातो. लस घेतलेल्या मुलांनाही मच्छरदाणी लागतेच.

भारताने २०२७ पर्यंत स्थानिक रुग्ण शून्यावर आणण्याचं आणि २०३० पर्यंत हिवताप संपवण्याचं ठरवलं आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०१७ मध्ये देशात चौसष्ट लाख रुग्ण होते, २०२३ मध्ये वीस लाख. आकडे उतरत आहेत. १९६५ मध्येही ते उतरलेलेच होते. म्हणून खरी काळजी पुढच्या दहा वर्षांची आहे, जेव्हा रुग्ण दिसणार नाहीत आणि पैसे मागणाऱ्याला लोक विचारतील, 'कुठे आहे मलेरिया?'

ज्यांना हे करून पाहायचं आहे त्यांना काही व्यवहाराच्या गोष्टी सांगतो. लोकांकडून पैसे गोळा करायचे तर धर्मादाय आयुक्तांकडे कलम ४१-क खाली परवानगी घ्यावी लागते. सोसायटीने आपल्याच सभासदांच्या ठरावाने देखभाल खर्चात वीस रुपये घातले तर ते सोपं पडतं. जून हा देशभर हिवताप प्रतिरोध महिना असतो, तेव्हापासून सुरुवात करा; गणपतीची वाट पाहिली तर अर्धा पावसाळा जातो. भोसरी-पिंपरीच्या बऱ्याच कारखान्यांना गुरुवारी सुट्टी असते, तर कोरडा दिवस गुरुवारी ठेवा, म्हणजे गच्चीवर चढायला घरात माणूस असेल. जमलेल्या पैशातला दहावा हिस्सा दरवर्षी गडचिरोलीत काम करणाऱ्या संस्थेला पाठवा. आणि तीनशे घरं तयार होईपर्यंत थांबू नका. पन्नास घरांचे महिन्याला हजार रुपये होतात, आणि पन्नास घरांना आठवड्यातली एक सकाळ पुरते.